निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी

महाराष्ट्रातल्या सर्व वैद्यकीय महाविद्यालयांच्या बधिरीकरणशास्त्र विभागप्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात एका रुग्णालयात जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेले होते. मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली निर्लेखन झालेल्या, म्हणजे नोंदवहीतून काढून भंगारात टाकलेल्या, सामानाचा ढीग लावला होता. गंजलेल्या खाटा, मोडकी सलाईन स्टँड, तुटक्या ट्रॉल्या. त्यातच भूल देण्याचं एक बॉइल्स मशीन आडवं पडलेलं दिसलं. काळ्या रबरी नळ्यांना भेगा गेल्या होत्या, इथरची, म्हणजे हुंगवून भूल देण्याच्या द्रवाची, बाटली मात्र शाबूत होती. शेजारच्या ट्रेमध्ये चिमट्यांच्या गर्दीत तारांच्या जाळीचा एक छोटा साचा होता. मी तो उचलला तेव्हा स्टोअरमधला तरुण मुलगा म्हणाला, "मॅडम, ते किचनचं गाळणं आहे बहुतेक. चुकून आलंय इकडे."

तो शिमेलबुश मास्क होता, रुग्णाच्या तोंडावर ठेवून त्यावर भुलेचं औषध थेंब थेंब टाकायचा. मुलाची काहीच चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. यादीत नाव असल्यामुळे मला तो मास्क मागता आला नाही. पुढच्या आठवड्यात कोणाशी तरी बोलते असं ठरवून मी घरी आले आणि पुढच्या आठवड्यात ट्रक येऊन गेला होता. तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

तुमच्यापैकी काही जण माझ्या हाताखाली शिकलेले आहेत, बाकीचे माझ्या पुढच्या पिढीचे. डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही), ऑडिटचे शेरे, जागेची टंचाई हे सगळं मीही भोगलं आहे. जुनं मशीन रुग्णांसाठी वापरू नये याबद्दल माझी तक्रार नाही, उलट ते वापरायला माझा ठाम विरोध आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या वस्तूंमुळे आपल्या शास्त्राला 'भुलेचं औषध किती?' हा प्रश्न विचारता आला, त्या वस्तू आपण किलोच्या भावाने विकतो आहोत.

१६ ऑक्टोबर १८४६ ही तारीख आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन त्या सकाळी उशिरा पोचला, कारण त्याचं उपकरण कारागिराकडे अजून तयार होत होतं. प्रेक्षागृह भरलेलं, सर्जन वॉरन ताटकळलेले, आणि हा माणूस एका काचेच्या गोळ्यासाठी थांबलेला! दोन तोंडांचा गोळा, आत इथरने भिजलेला स्पंज, एका तोंडाला ओठांत धरायची तोटी. त्याच्या साडेचार वर्षं आधी, मार्च १८४२ मध्ये, जॉर्जियातल्या जेफर्सन नावाच्या लहानशा गावात क्रॉफर्ड लाँग यांनी साध्या टॉवेलवर इथर ओतून मानेवरची गाठ काढली होती. पण त्यांनी ते प्रसिद्ध केलं १८४९ मध्ये. म्हणजे टॉवेल आधी आला आणि यंत्र नंतर. दोघांनीही भूल दिली. पण श्वासातून नेमकं किती इथर आत जातंय, हे लाँग यांच्या टॉवेलवरून कळत नव्हतं आणि मॉर्टनच्या गोळ्यावरूनही नाही.

तो प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला लंडनच्या जॉन स्नो यांनी. एमबीबीएसच्या मुलांना हे नाव पीएसएमच्या (समाजवैद्यकाच्या) पुस्तकातून माहीत असतं : १८५४, पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरवणारा ब्रॉड स्ट्रीटचा पंप. त्याच्या सात वर्षं आधी याच माणसाने आपल्या शास्त्राचा पाया घातला, हे सांगितलं की विद्यार्थी दरवेळी चकित होतात. इथर लंडनला पोचलं डिसेंबर १८४६ मध्ये. १८४७ संपायच्या आत स्नो यांनी कोणत्या तापमानाला हवेत किती इथर मावतं याचे तक्ते काढले, स्वतःचं उपकरण बनवलं आणि पुस्तकही लिहिलं.

त्या उपकरणातली युक्ती पाहा. हातावर स्पिरिट टाकलं की गार लागतं. इथरचंही तसंच. ते उडून जाताना उरलेलं द्रव थंड होतं आणि थंड झालं की कमी उडतं. म्हणजे रुग्णाला सुरुवातीला भरपूर मिळतं आणि मग, बाटलीला हात न लावताही, कमी कमी होत जातं. स्नो यांनी इथरची धातूची डबी पाण्याच्या भांड्यात बसवली. पाणी उष्णता पुरवतं, तापमान टिकतं, मात्रा टिकते. डबीत हवा नागमोडी वाटेने फिरवली, म्हणजे ती इथरच्या वाफेने पुरती भरेल. एवढ्या साध्या विचारातून 'किती'ला पहिलं उत्तर मिळालं.

आता आपल्याकडच्या बॉइल्सच्या बाटलीकडे या. मी १९८० च्या सुमारास पीजी करत होते. तरफ थोडी सरकवायची, दांडा थोडा खाली दाबायचा, वायू इथरच्या जवळून जाऊ लागला की रुग्ण भुलेत खोल जातो. पंधरा-वीस मिनिटांनी बाटलीला हात लावला की ती गार पडलेली असायची, बाहेरून घाम फुटलेला. माझे सर म्हणायचे, "बाटली गार, पेशंट वर येणार. बघत राहा." आणि विदर्भातल्या मे महिन्यात गोष्ट नेमकी उलटी. इथर साधारण ३५ अंशांना उकळतं. वाऱ्याच्या कूलरवर चालणाऱ्या ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) बाटली उघडली की डोळ्यांदेखत बुडबुडे. तिथे तरफेवरच्या आकड्यांना काहीही अर्थ उरत नसे. स्नो यांनी १८४७ मध्ये सोडवलेलं गणित आमच्या मशीनमध्ये सोडवलेलं नव्हतं, कारण दरम्यानच्या काळात लोकांनी सोपी वाट धरली होती. हे मला पुस्तकात समजलं नाही. त्या गार बाटलीला हात लावून समजलं. आजचा विद्यार्थी व्हेपोरायझरची, म्हणजे भुलेच्या द्रवाची वाफ मोजून देणाऱ्या उपकरणाची, तबकडी दोनवर फिरवतो आणि दोन टक्केच मिळतं. उत्तम आहे. पण तबकडीच्या आत तापमानाची भरपाई करणारी पट्टी का आहे, हे त्याला परीक्षेपुरतं ठाऊक असतं.

सोप्या वाटेबद्दल लिहिते, कारण माझ्या मते आपल्या इतिहासातला तोच सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे आणि तो शिकवला जात नाही.

४ नोव्हेंबर १८४७ रोजी एडिंबरामध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांनी स्वतःवर आणि मित्रांवर क्लोरोफॉर्मचा प्रयोग केला. क्लोरोफॉर्म थोडं पुरतं, वास बरा, पेट घेत नाही. आणि सिम्प्सन यांचं सांगणं असं की उपकरणाची गरजच नाही, घडी घातलेला रुमाल पुरे. डॉक्टरांना आणखी काय हवं! वर्षभराच्या आत काचेचे गोळे, झडपा, पाण्याची भांडी मागे पडली आणि रुमाल सगळीकडे गेला. आपल्याकडे तर तो भाषेतच शिरला. माझ्या आजीच्या तोंडी 'भूल दिली' नसायचं, 'क्लोरोफॉर्म दिला' असायचं, मग दिलेलं औषध कोणतंही असो.

२८ जानेवारी १८४८. सिम्प्सन यांच्या प्रयोगाला तीन महिनेही झाले नव्हते. न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढून घेण्यासाठी खुर्चीत बसली. आधी एकदा दुसऱ्या नखासाठी तिला इथर दिलं होतं आणि ती सुखरूप उठली होती. या वेळी कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म. काही मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्मखाली झालेला नोंदीतला हा पहिला मृत्यू. सिम्प्सन यांनी दोष शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेल्या पाण्याला आणि ब्रँडीला दिला. स्नो यांचं मत वेगळं होतं : कापडावरून मात्रा मोजता येत नाही, दोन-तीन खोल श्वासांत हवं त्याच्या कितीतरी पट आत जाऊ शकतं. पंधरा वर्षांच्या मुलीचं नख. इतक्या वर्षांनंतरही वर्गात हे सांगताना माझा आवाज बदलतो.

स्नो यांनीच ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला, ५३ मिनिटं, आणि तोही रुमालावरूनच. पण थेंबाथेंबाने, कळेबरोबर, राणी जागी राहील इतकाच. रुमालावर मोजून देणारा हात त्यांचा होता. तो हात दुसऱ्या कोणाला देता येत नव्हता, म्हणून यंत्र हवं होतं. स्नो १८५८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वारले आणि त्यांची जागा घेतली जोसेफ क्लोव्हर यांनी. क्लोव्हर मोजून घेतलेल्या हवेत मोजून घेतलेलं क्लोरोफॉर्म मिसळत, साडेचार टक्क्यांच्या वर जाणार नाही असं, आणि ते मिश्रण एका प्रचंड पिशवीत भरून पिशवी पाठीवर टाकत. त्यांचा एक प्रसिद्ध फोटो आहे. पाठीवर ती पिशवी, एका हातात रुग्णाच्या तोंडावरचा मास्क आणि दुसऱ्या हाताची बोटं रुग्णाच्या नाडीवर. मला तो फोटो आपल्या प्रत्येक विभागात लावलेला बघायचा आहे. पिशवी अवजड होती, रोज भरायची कटकट होती. बहुसंख्य डॉक्टरांनी ती कधी वापरली नाही.

नाडीवरची ती बोटं आपल्याला थेट हैदराबादला घेऊन जातात आणि म्हणून मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी पुढचं जास्त लक्ष देऊन वाचावं, कारण औरंगाबाद, नांदेड, लातूर ही तेव्हा निजामाच्याच राज्यात होती. एडवर्ड लॉरी हे तिथले रेसिडेन्सी सर्जन. एडिंबराच्या शिकवणीप्रमाणे त्यांचा ठाम विश्वास होता की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा श्वासाकडे पाहा, नाडीकडे पाहू नका. १८८८ मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. त्याच्या निष्कर्षांवर 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली तेव्हा निजामाने पैसे दिले आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावून दुसरं कमिशन भरवलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष पुन्हा तोच : आधी श्वास. त्या काळी वैद्यकशास्त्रातला जगभर गाजलेला वाद आपल्या शेजारच्या शहरात, भारतीय राज्याच्या खर्चाने, मोजमापाची यंत्रं लावून लढला गेला. त्या मंडळींमध्ये रूपाबाई फर्दुनजी ही हैदराबादची डॉक्टरही होती. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये तिची गणना होते. आपल्या किती विद्यार्थिनींना तिचं नाव माहीत आहे?

आणि निष्कर्ष अपुरा निघाला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना हृदय अचानक फडफडून थांबू शकतं, श्वास चालू असतानाही. क्लोव्हर यांची बोटं योग्य ठिकाणी होती. कमिशनच्या आश्वासनावर विसंबून पुढची वीस वर्षं किती ठिकाणी नाडी सोडून दिली गेली असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटतं. खूप प्रयोग, चांगले उद्देश, भरपूर निधी आणि चूक उत्तर. संशोधनपद्धतीच्या तासाला याहून चांगलं उदाहरण कुठून आणणार?

आता त्या 'गाळण्या'विषयी. लिव्हरपूलच्या थॉमस स्किनर यांनी १८६२ मध्ये तारेच्या सांगाड्यावर कापड ताणलं. १८९० मध्ये जर्मनीच्या कुर्ट शिमेलबुश यांनी त्याला बिजागरी दिली, म्हणजे गॉज दोन सांगाड्यांमध्ये पकडून ठेवता येतं आणि दर रुग्णाला बदलता येतं. शिवाय कडेला पन्हळ दिली. ती पन्हळ हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही : गॉजमधून ओघळलेलं औषध त्वचेवर न उतरता तिथे थांबतं आणि गाल भाजत नाहीत. भूल देणारा माणूस रुग्णाच्या गालाचा विचार करत होता!

मी स्वतः हा मास्क वापरला आहे. एका तालुक्याच्या गावी, जिथे मशीन होतं पण सिलिंडर वेळेवर येत नसत. रुग्णाच्या डोळ्यांवर व्हॅसलिन आणि ओला गॉज, वर मास्क, आणि इथर थेंब थेंब, आधी सावकाश, मग वाढवत. सिस्टर हात धरून बोलत राहायची, "मावशी, मोठा श्वास घ्या, आता झोप लागेल." मावशी आधी धडपडायच्या, श्वास रोखायच्या, मग डोळ्यांची बुबुळं फिरायची, मग स्थिर व्हायची. अमेरिकेच्या गेडेल यांनी पहिल्या महायुद्धात नवख्या लोकांना शिकवण्यासाठी बनवलेला, भूल किती खोल गेली ते सांगणारा पायऱ्यांचा तक्ता मी त्या बुबुळांत प्रत्यक्ष वाचला. सिनेमात रुमाल नाकाशी नेला की माणूस क्षणात कोसळतो. आम्हाला दहा-पंधरा मिनिटं लागायची. इथर सावकाश असतं आणि सावकाश असल्यामुळे चूक सुधारायला वेळ देतं. मास्कवर मात्रा मोजता येत नाही हे वर मीच लिहिलं आहे, पण जिथे दुसरं काही नव्हतं तिथे या जाळीने जीव वाचवले आणि त्यांतले काही माझ्या हातून वाचले. म्हणून तो मास्क भंगारात पाहून माझा जीव तुटला.

बॉइल्स मशीनबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या हेन्री बॉइल यांनी १९१७ मध्ये अमेरिकेच्या ग्वाथ्मी यांच्या यंत्रावरून ते बेतलं आणि पुढे त्यात इतके बदल झाले की आपल्याकडे 'बॉइल्स' म्हणजे भुलेचं कोणतंही मशीन. फक्त एक प्रसंग लिहिते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पोटाचं ऑपरेशन चालू असताना थिएटर सिस्टर हळूच म्हणाली, "मॅडम, रक्त काळं दिसतंय." रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर तेव्हा आमच्याकडे नव्हता. ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारी गोटी मशीनवरच्या काचेच्या नळीत जिथे असायला हवी तिथेच नाचत होती, सिलिंडर भरलेला होता. मी नायट्रस (ऑक्सिजनबरोबर दिला जाणारा भुलेचा वायू) बंद केला, ऑक्सिजन पूर्ण सोडला, पिशवी दाबत राहिले, रक्त लाल झालं. रुग्ण चालत घरी गेला. संध्याकाळी मशीन उघडलं तेव्हा मधल्या एका नळीला केसाएवढी चीर सापडली. त्या जुन्या रचनेत ऑक्सिजनची नळी सर्वांत आधी असायची. पुढच्या नळीला चीर गेली की तिथून ऑक्सिजन बाहेर पडायचा आणि नायट्रस रुग्णाकडे पोचायचा. १९६३ मध्ये एगर यांनी हे दाखवून ऑक्सिजनची नळी बाहेर पडण्याच्या वाटेजवळ, शेवटी ठेवायला सांगितलं होतं. आमचं मशीन त्यापूर्वीच्या आखणीचं होतं. आज तुमच्या प्रत्येक वर्कस्टेशनवर (भुलेच्या आधुनिक मशीनवर) ती नळी योग्य जागी आहे, सिलिंडरच्या जोडणीला पिन आहेत, म्हणून नायट्रसचा सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही. प्रत्येक पिनच्या मागे कोणीतरी न उठलेला रुग्ण आहे. चिरलेल्या नळीचं ते जुनं मशीन समोर ठेवून ही गोष्ट सांगितली तर विद्यार्थी रोज सकाळी मशीन तपासताना घाई करणार नाही.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. म्हणजे त्याची पहिली तुकडी दाखल झाली तेव्हा मॉर्टनचं प्रात्यक्षिक व्हायचं होतं आणि ती तुकडी १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत इथर आणि क्लोरोफॉर्म दोन्ही हिंदुस्थानात पोचले होते. त्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. डॉक्टरी सांभाळून त्यांनी जुने शिलालेख, नाणी, हस्तलिखितं गोळा केली आणि भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. आपल्याच व्यवसायातल्या एका पूर्वजाचं नाव शहराच्या संग्रहालयावर असताना आपल्या विभागांतल्या वस्तूंना एक कपाट मिळू नये, हे मला पटत नाही. लंडनला, मेलबर्नला, शिकागोजवळच्या शाउमबर्गला भूलशास्त्राची स्वतंत्र संग्रहालयं आहेत, भूलतज्ज्ञांच्याच संस्थांनी उभी केलेली. आपण इमारत मागत बसलो तर ती फाइल आपल्यानंतरही फिरत राहील. मी कपाट मागते आहे.

निर्लेखनाची यादी तुमच्या सहीसाठी येते, तेव्हा ती वाचताना प्रत्येक प्रकारची एक वस्तू शैक्षणिक वापरासाठी म्हणून वेगळी काढा. बाटली, मास्क, थेंबाची कुपी, रबरी पिशवी, घशात पाहायचा जुना लॅरिंगोस्कोप, एखादा गोल्डमन व्हेपोरायझर. रजिस्टरमध्ये तशी नोंद करा, मशीनचे सिलिंडर काढून टाका, त्यावर 'रुग्णासाठी नाही' असं ठळक लिहा. मग ज्यांनी ही यंत्रं चालवली त्या निवृत्त सिस्टर, ओटीचे टेक्निशियन, वॉर्डबॉय यांना बोलावून एक दुपार त्यांच्याशी बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. बाटली गार पडल्यावर कोण गरम पाण्याचं फडकं लावायचं, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ही माणसं आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी करावं लागेल. आणि दरवर्षी नवे पीजी आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात मास्क आणि कुपी द्या. कुपीत इथर नको, पाणी चालेल. मिनिटाला बारा थेंब, गॉजवर सारखे पसरून, पंधरा मिनिटं पाडायला सांगा. त्यांच्या मनगटाला कळेल.

माझ्याकडे एक शिमेलबुश मास्क आणि एक कुपी आहे. एका जुन्या खासगी डॉक्टरांचा दवाखाना आवरताना त्यांच्या सुनेने मला दिली. बिजागरी अजून नीट चालते, पन्हळीला एका ठिकाणी पोचा आहे. ज्या विभागाला हवी असेल त्याने कळवावं, मी स्वतः आणून देईन आणि गॉज कसं चढवायचं तेही दाखवीन. अट एवढीच की काचेआड कुलूप लावून ठेवू नका.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ